मदत हवी आहे: भोपळ्यावरचा रंग सुटतो आहे, शुक्रवारपूर्वी उपाय हवा

निंबोणी: मुलीच्या शाळेत हॅलोविननिमित्त पुस्तकांतील पात्रांचे भोपळे मांडायचे आहेत. काल रात्री दोन तास खपून रंगवलेला सुरवंट आज सकाळी पापुद्रे धरून सुटला. कृपया लवकर सांगावे.

काजवा: रंग कोणता होता, भोपळा धुतला होता का आणि कोरण्याची मुभा आहे का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. मुभा असेल तर रंगाच्या भानगडीत पडूच नये. आम्ही दरवर्षी वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२० सालच्या कथेतील मुंडके नसलेला घोडेस्वार कोरतो आणि त्याच्या हाती भोपळ्याचे मुंडके देतो.

शाईदौत: कोरलेला भोपळा उबदार खोलीत काही दिवसांतच मऊ पडून बुरशी धरतो. शिवाय मूळ कथेत शेवटी, घोडेस्वाराने ज्याचा पाठलाग केला त्या शिक्षकाच्या टोपीशेजारी फुटलेला भोपळा सापडतो, इतकेच. बाकीचे वाचकाने ताडायचे आहे.

काजवा: ते आम्ही ताडले, म्हणूनच कोरतो.

निंबोणी: कोरण्यास मनाई आहे, मुलगी सहा वर्षांची आहे आणि रंग तिचाच, धुतला की जाणारा. भोपळा नुसता फडक्याने पुसला होता.

परसबाग: मग तो टिकणार कसा? भोपळ्याची साल मेणचट असते. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून तो पूर्ण कोरडा करा, गेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्या आणि तो वाळल्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. घाईने एकच जाड थर दिला, तर तो पुन्हा सुटेल. सुरवंट एरिक कार्ल यांच्या चित्रपुस्तकातला असेल, तर एका भोपळ्यावर चित्र काढण्यापेक्षा लहान भोपळे ओळीने मांडून पहिला लाल आणि बाकीचे हिरवे रंगवावेत.

ओटा: उरलेल्या भोपळ्याचे घारगे करणार असाल, तर कोरण्यासाठी विकतात तो मोठा भोपळा घेऊ नका, तो पाणचट निघतो.

शाईदौत: लेकीकडे तूपरोटी खाऊन परतणारी आपली म्हातारी कोणालाच कशी आठवली नाही? तिच्या गोष्टीत भोपळा स्वतःच टुणूक टुणूक चालतो. त्यावर एक खिडकी आणि एक सुरकुतलेला चेहरा रंगवला की काम झाले.

निंबोणी: मुलीला ती कल्पना फार आवडली, परंतु भोपळ्याशेजारी पुस्तक ठेवायचे आहे आणि म्हातारीची गोष्ट आमच्याकडे केवळ आजीच्या तोंडी आहे. त्यामुळे सुरवंटच. गेसो आणला; देठही रंगवायचा का?

परसबाग: देठ तसाच राहू द्या. शाळेत नेताना मात्र भोपळा त्याला धरून उचलू नका.