सहा लाखांचं कर्ज काढून मेकाट्रॉनिक्सची पदवी: हिशेब बसतो का?

भोसरीकर_मेंटेनन्स (धागाकर्ता)

पुतण्या यंदा बारावी झाला. कॅप राउंडमध्ये (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मेकाट्रॉनिक्सला, म्हणजे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणाऱ्या शाखेला, जागा मिळतेय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला दीड लाख बँकेकडून उचलायचे असं भावाचं चाललंय. माझं मत स्पष्ट आहे, कर्ज काढू नये. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सरकारी पॉलिटेक्निकची वर्षाची फी दहा हजारांच्या आत. दोन वर्षांत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हातात आणि विसाव्या वर्षी पगार सुरू.

आकडे मांडतो. दरवर्षी 1.5 लाख, चार वर्षं, व्याज साडेदहा टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. सरळ व्याजानेच ते 2 लाख 20 हजार होतं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच देणं 8 लाख 20 हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना 11 हजारांवर हप्ता, आणि एकूण फेड 13 लाखांच्या पुढे. आमच्या पट्ट्यात नव्या बी.ई. ट्रेनीच्या हातात 20-25 हजार येतात. खोलीभाडं आणि डबा वजा करा, मग सांगा घरी काय पाठवणार.

रांजणगाव_लाईन2

दादा, तुम्ही दहा वर्षांचं कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराशी ताडून बघताय. मी स्वतः डिप्लोमावाला आहे. पहिली तीन-चार वर्षं माझा आणि बी.ई. पोरांचा पगार जवळपास सारखा होता. पुढे असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली तेव्हा एचआरने पहिली चाळणी पदवीची लावली. ज्यांना मी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल संगणक) शिकवली ती पोरं आज माझी सुट्टी मंजूर करतात. हा फरक कर्जाच्या हिशेबात कुठे धरलात?

भोसरीकर_मेंटेनन्स

तुमचं दुखणं खरं आहे, आमच्याकडेही तेच होतं. पण ती पदवी पोराच्या हातात काय देते तेही बघा. गेल्या महिन्यात नाईटला प्रेस लाईन थांबली. नवा पदवीधर ट्रेनी लॅपटॉप जोडून पीएलसीचा लॅडर प्रोग्राम चाळत बसला. शेजारच्या डिप्लोमाच्या पोराने आधी पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा दिवा बघितला. दिवा लागत नव्हता, म्हणजे सिग्नल येतच नव्हता. खाली वाकून बघतो तर प्रॉक्झिमिटी सेन्सरचा (भाग जवळ आला की सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा) ब्रॅकेट सैल होऊन सेन्सर मागे सरकलेला. पाना लावला, लाईन चालू. चार वर्षांत त्या ट्रेनीला कुणी चालू मशीनजवळ उभंच केलं नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही. पण असल्या शिक्षणासाठी भावाने तेरा लाख मोजायचे?

रांजणगाव_लाईन2

ब्रॅकेट का सैल झाला, याचं उत्तर सकाळच्या मीटिंगला कुणी दिलं? कंपनाचं कारण शोधून डिझाईन बदलायचा अधिकार कुणाच्या सहीला आहे? पाना लावणाऱ्याला शाबासकी मिळते, बढती सही करणाऱ्याला मिळते. हे चूक आहे असं मीही म्हणतो. पण पोराला आपण आहे त्याच कारखान्यात पाठवणार आहोत.

बुटीबोरीची_आई

दोघेही पूर्ण फी धरून भांडताय. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. मुलांनाही राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. तेव्हा दीड लाखात शिक्षण शुल्क किती आणि मेस-हॉस्टेल किती, ते आधी वेगळं करा. माझ्या मुलीच्या वेळी कॉलेजने आधी सगळी फी भरून घेतली होती आणि शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणाले. ते पैसे मिळवायला फार खेटे घालावे लागले. प्रवेशाच्या दिवशीच लेखी मागा, लाजू नका.

बँकेत_काम_करतो

चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही, पण वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर त्यांचाही सिबिल बिघडतो. पुढे पीककर्ज नाहीतर घरकर्ज मागायला आले की ते आडवं येतं. पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

दुसरं, कुटुंबाचं उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षण आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. मात्र कॉलेजला किंवा कोर्सला नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता लागते, ती तपासा. म्हणजे धागाकर्त्यांचे 2 लाख 20 हजार वाचू शकतात. त्यात बसत नसाल तर शिकत असतानाच व्याज भरत राहा, हप्ता 11 हजारांवरून 8 हजारांवर येतो. शैक्षणिक कर्जावरची करसवलत बघून मात्र कुणी कर्ज काढू नये. ती फक्त व्याजावर आहे, तीही जुन्या करप्रणालीत, आणि ट्रेनीच्या पगाराला मुळात कर लागतोच कुठे?

भरतीची_तयारी

पगार आणि हप्ता यावरच सगळे बोलताय, शाखेच्या नावाकडे कुणाचं लक्ष नाही. सरकारी जाहिरातीत पात्रतेचा रकाना अक्षरशः वाचतात. रेल्वेच्या ज्युनियर इंजिनियरला डिप्लोमा चालतो, मूळ पगार 35,400. पण विजेच्या कामाच्या जागांना ‘इलेक्ट्रिकल’ लिहिलेलं असलं आणि तुमच्या प्रमाणपत्रावर ‘मेकाट्रॉनिक्स’ असलं, तर समकक्षतेची कागदपत्रं घेऊन हेलपाटे तुम्ही मारायचे. कारखान्यात मेकाट्रॉनिक्सला मान आहे, ऑटोमेशनवाले आवडीने घेतात. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर साधं इलेक्ट्रिकल घ्या, पदवी असो वा डिप्लोमा. उद्या स्वतःची विजेच्या कामांची ठेकेदारी करायची झाली तरी परवान्याचा रस्ता तिकडूनच सरळ आहे.

भोसरीकर_मेंटेनन्स

ताई, बँकवाले दादा, आभार. भावाचं उत्पन्न साडेचारच्या वर जातं, त्यामुळे व्याज अनुदान नाही. निम्म्या फीचं विचारून येतो. तरीही मी कर्जाला तयार नाही. डिप्लोमा करून नोकरी धरू दे, पदवी नंतर होते. नोकरी करणाऱ्यांसाठी बी.टेक.चे संध्याकाळचे वर्गही आता काही कॉलेजांत आहेत.

रांजणगाव_लाईन2

संध्याकाळचे वर्ग जनरल शिफ्टवाल्याला. मेंटेनन्सच्या पोराला एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. तो कधी बसणार वर्गात? आणि विसाव्या वर्षी पगार सुरू झाला की घर त्या पगारावर टेकतं. धाकटीची फी, घराची डागडुजी, मग गाडीचा हप्ता. मी पण ‘दोन वर्षांनी पदवी’ म्हणतच नोकरीला लागलो होतो.

भोसरीकर_मेंटेनन्स

मग मधला रस्ता घ्या. डिप्लोमाचा निकाल लागला की त्याच उन्हाळ्यात पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म. दोन अधिक तीन, पाच वर्षं. कर्ज तीनच वर्षांचं, साडेचार लाख. त्याच व्याजाने हप्ता 8 हजारांच्या आत बसतो आणि एकूण फेड साडेनऊ लाखांच्या आसपास राहते. पदवीला मन रमलं नाही तर हातात डिप्लोमा आहेच, तेवढी सोय थेट पदवीत नाही. ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांना तर हे आणखी सोपं. डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन, सहाच वर्षं. अकरावी-बारावी करून बी.ई. केलं तरी तेवढीच लागतात.

रांजणगाव_लाईन2

हे मला पटतं, पण दोन गोष्टी धरा. पुतण्याचं एक वर्ष जास्त जातंय, म्हणजे एका वर्षाचा पगार, अडीच-तीन लाख. कर्जात वाचले त्यातले बरेचसे तिथेच गेले. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाच्या चांगल्या कॉलेजातल्या जागा मोजक्याच, डिप्लोमाचे टक्के उत्तम लागतात. पोरगा मेहनती असेल तर तुमचा रस्ता घ्या. नाहीतर आज मिळतेय ती जागा सोडू नका, निम्म्या फीचा अर्ज करा आणि व्याज दरमहा भरत राहा. तो स्वतः काय म्हणतोय? इतक्या चर्चेत त्याचं मत कुठेच आलं नाही.

भोसरीकर_मेंटेनन्स

त्याला मशीनची आवड आहे, गणित आवडत नाही. रविवारी त्याला कारखान्यात घेऊन जाणार आहे, मेंटेनन्स शटडाऊन आहे. पॅनेल उघडे असतील, डिप्लोमावाली आणि पदवीवाली दोन्ही पोरं कामावर असतील. त्यांनाच विचारू दे. कॅपची मुदत बुधवारपर्यंत आहे.