मदत हवी आहे: अरुंद, बिनखिडकीचा पॅसेज देखणा आणि सोयीचा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

घर रंगवायला काढलंय. बाकी खोल्यांचं बरंचसं ठरलं, पॅसेजपाशी मात्र गाडी अडली आहे.

पॅसेज १८ फूट लांब, ४४ इंच रुंद, उंची ९ फूट. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला अगदी समोर बाथरूमचं दार. मुख्य दार ३ फुटी आहे, आत उघडतं आणि उजव्या भिंतीला टेकतं. डाव्या भिंतीला साडेचार फुटांवर स्वयंपाकघराचं दार, त्यापुढे एमसीबी बॉक्स (विजेचे ट्रिप होणारे स्विच असतात तो डबा), मग हॉलचं दार. उजवी भिंत पहिले ७ फूट सलग आहे, पुढे बेडरूमची दोन दारं. खिडकी एकही नाही. छताला मधोमध एकच दिवा, त्याचं बटण मुख्य दाराशी.

घरात शिरल्या शिरल्या चपला-बुटांचा पसारा, हेल्मेट, छत्र्या, किल्ल्या असं सगळं दिसतं. सध्याचं शू रॅक १२ इंच खोल आहे. त्याच्या शेजारून जाताना अंग चोरावं लागतं.

खरी काळजी सासूबाईंची आहे. काठी घेऊन चालतात, दृष्टी अधू झाली आहे आणि रात्री उठून त्यांना याच पॅसेजमधून बाथरूमला जावं लागतं. एक हात भिंतीवर ठेवून जातात, त्यामुळे भिंतीवर त्या उंचीला हातांचा एक पट्टाच उमटला आहे. त्यांना आधार मिळावा, पण घराला दवाखान्याची कळा येऊ नये. हा पॅसेज त्यांनाही सुंदर वाटावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मनात असलेल्या गोष्टी: लांब गालिचा, समोरच्या टोकाला मोठा आरसा, फॉल्स सीलिंग, एमसीबी बॉक्स झाकणारं लाकडी पॅनेलिंग. यातलं काय करावं, काय सोडावं?

प्रतिसाद १

मी इंटिरियरची कामं करते. तुम्ही मापं दिलीत ते फार बरं केलं, नाहीतर नुसत्या फोटोवरून काही सांगता येत नाही.

पहिलं काम, ते शू रॅक काढा. ४४ मधून १२ गेले की ३२ इंच उरतात. एकट्या माणसाला चालायला निदान ३६ इंच मोकळे हवेत, काठी असेल तर जास्तच. बूट तिरपे उभे राहतात अशी, झडप पुढे झुकवून उघडायची उथळ कपाटं मिळतात. ती ७ ते ८ इंच खोल असतात. ७ इंची घेतलंत तर तुम्हाला ३७ इंच मिळतील. घेण्याआधी घरातला सगळ्यात मोठा बूट मोजा, कारण मोठ्या मापाचे आणि उंच घोट्याचे बूट त्यात बसत नाहीत. कपाट भिंतीला स्क्रूने आवळणं अत्यावश्यक आहे. इतकं उथळ कपाट वरची झडप ओढली की पुढे कलंडू शकतं. मागे किंवा खाली हवेला वाट ठेवा आणि ओले बूट वाळल्याशिवाय आत टाकू नका.

जागा डाव्या भिंतीला, मुख्य दार आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये. पण अगदी दारालगत नको. दार उघडताना त्याची मोकळी कड आधी डाव्या बाजूनेच फिरत आत येते. जमिनीवर खडूने तो कंस काढून बघा. दार पॅसेजच्या मधोमध बसवलेलं असेल तर माझ्या हिशेबाने पहिले १५-१६ इंच रिकामे सोडावे लागतील. उरलेल्या जागेत ३ फुटी कपाट बसतं. किल्ल्या आणि हेल्मेट त्याच्यावर. दप्तरं आणि जाड पिशव्या ज्याच्या त्याच्या खोलीत जाऊ द्या, खुंटीवरच्या पिशवीने जिंकलेली जागा परत जाते.

गालिचा नकोच. काठीचं टोक आणि घासत टाकलेलं पाऊल दोन्ही त्याच्या कडेत अडकतात.

प्रतिसाद २

गालिच्याबद्दल पूर्ण सहमत.

टोकाला आरसा लावू नका. एक तर १८ फुटांचे ३६ दिसतील, आणि अधू दृष्टीच्या माणसाला रात्री समोरून कुणी येतंय असं वाटून दचकायला होतं. आरसा उजव्या भिंतीवर, उघडलेल्या दाराच्या पुढे, म्हणजे साधारण साडेतीन ते पाच फुटांच्या पट्ट्यात लावा. तिथे तो रुंदी वाढल्याचा भास देईल.

पूर्ण उंचीचा आरसाही लागत नाही. स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत पाहायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब. खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर हवी. घरात लहान-मोठी माणसं असतात म्हणून खालची कड सगळ्यात बुटक्या माणसाच्या मापाने आणि वरची सगळ्यात उंच माणसाच्या मापाने ठरवा. बहुतेक ४ फुटांच्या आत काम होतं. काचेला मागून सेफ्टी फिल्म लावून घ्या.

प्रतिसाद ३

इलेक्ट्रिकल कामं करतो, म्हणून तेवढंच लिहितो.

बटण एकाच टोकाला असणं हा तुमच्या पॅसेजचा सगळ्यात मोठा दोष आहे. दोन्ही टोकांना टू-वे स्विच घ्या, म्हणजे तोच दिवा कुठल्याही टोकाहून चालू-बंद करता येतो. सासूबाईंच्या खोलीच्या दाराशीही तिसरं बटण हवं असेल तर मध्ये इंटरमीडिएट स्विच लागतो. वायर पुट्टीच्या आधी ओढून घ्या.

मधला एक दिवा काढून चार लहान दिवे साधारण पाच-पाच फुटांवर, ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे. भिंतीला अगदी खेटून लावले तर प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, म्हणून फूटभर तरी अंतर ठेवा. शिवाय स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी असते त्या पट्टीच्या) थोडं वर, चाहूल लागताच पेटणारे मंद पिवळसर दिवे. रात्री डोळ्यांवर झगझगीत उजेड येत नाही आणि जमीन दिसते. फॉल्स सीलिंगची गरज नाही, छतावर बसणारे दिवे छान मिळतात.

एमसीबी बॉक्सवर कायमचं पॅनेलिंग कृपा करून नको. हलकी, बिजागरीवर उघडणारी चित्राची चौकट चालेल. कुलूप नको, पुढे कपाट नको. अंधारातही घरातल्या कुणालाही ती एका हाताने उघडता आली पाहिजे.

प्रतिसाद ४

रंगाचं कुणीच लिहिलं नाही अजून. पाच दारं म्हणजे भिंतीचे तुकडे तुकडे होतात. दारं आणि चौकटी भिंतीच्याच रंगात रंगवा, सगळं एकसंध दिसतं. बाथरूमचं दारही त्यातच मिसळून टाका म्हणजे समोर खुपणार नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

चार दारांसाठी मान्य. बाथरूमच्या दारासाठी मात्र नाही. अधू दृष्टीला फरक हवा असतो, भिंतीत विरघळलेलं दार सासूबाईंना शोधावं लागेल. उलट तेच एक दार गडद रंगवा, गर्द हिरवं किंवा वीटकरी. लांबच्या टोकाचा गडद रंग पुढे आल्यासारखा दिसतो, त्यामुळे पॅसेजची लांबीही कमी वाटते. लपवायचं दार हीच तुमची शोभा होईल.

आणि आधार. सासूबाईंचा हात जिथून जातो तिथेच लाकडी कठडा बसवा. दीड इंच जाडीचा गोल दांडा, भिंतीपासून दीड ते दोन इंच सुटा, म्हणजे मुठीत नीट येतो. एकूण साडेतीन इंचांच्या आत काम होतं. उंची साधारण ३४ ते ३६ इंच ठेवतात, पण पुस्तकी आकड्यावर जाऊ नका. त्यांना तिथे उभं करा, कोपर किंचित वाकून तळवा जिथे आरामात टेकेल तिथे खूण करा. आरसा संपला की कठडा सुरू करा. तिथे समोर कपाट नाही, त्यामुळे रुंदी एकाच जागी दोन्हीकडून आवळली जात नाही. बेडरूमच्या दारांपाशी तो तुटेल, त्याला इलाज नाही. प्रत्येक तुकड्याचं टोक भिंतीकडे वळवून घ्या, नाहीतर बाही अडकते.

दांडा बाथरूमच्या दाराच्याच गडद रंगात. त्याच्या खालची भिंत एक छटा गडद आणि पुसता येणाऱ्या, किंचित चमकदार सॅटिन फिनिशची, वरची फिकट आणि बिनचमकीची मॅट. मग ती भिंतीवर ओढलेली एक रेघ दिसते, दवाखाना कुणाच्या मनातही येणार नाही.

धागालेखिका

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! कठडा आणि दार एकाच रंगात ही कल्पना सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी लगेच गर्द हिरवा सांगितला आणि उंचीची खूणही स्वतःच करून दिली. ती ३३ इंचांवर आली.

गालिचा, फॉल्स सीलिंग आणि पॅनेलिंग रद्द. उथळ कपाट, बाजूचा आरसा आणि चार दिवे नक्की. आता दोनच शंका आहेत. स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत ठोकली की पोकळ वाजते, तिथे कपाट टिकेल का? आणि कामांचा क्रम काय ठेवू?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

पोकळ भिंतीत साधा स्क्रू धरत नाही. आतल्या लाकडी किंवा धातूच्या उभ्या पट्ट्या शोधून त्यांत स्क्रू घ्या, किंवा सुताराकडून मागे आडवी फळी ठोकून घ्या. उजवी भिंतही ठोकून बघा. कठड्यावर अख्ख्या माणसाचा भार येतो, तिथे तडजोड नको.

क्रम असा: वायरिंग, मागच्या फळ्या, पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात. मग कठड्याची भोकं पाडून घ्या, म्हणजे धूळ आणि टवके शेवटच्या हातात झाकले जातील. तो हात सुकला की कठडा, दिवे आणि कपाट. आरसा सगळ्यात शेवटी.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

गर्द हिरव्याचा नमुना डब्याच्या झाकणावर बघून ठरवू नका. दारावर हातभर पट्टा मारा आणि नव्यातला एक दिवा तात्पुरता लावून रात्री सासूबाईंनाच दाखवा. खिडकी नसल्याने तुमच्याकडे तो रंग नेहमी दिव्यातच दिसणार आहे.