अनुभव धागा: तुमच्या लीगमधला चौथा बोर्ड

धरमपेठी
मंडळी, रविवारी पुतण्याला बुद्धिबळाच्या लीग मॅचला सोडायला गेलो होतो. सोडून लगेच परतायचं होतं, पण दारावर टीमची यादी लागलेली दिसली आणि दुपारपर्यंत तिथंच थांबलो. पुतण्याचं नाव सगळ्यात खाली, चौथ्या बोर्डावर. पोरगा हिरमुसला. त्याला जे सांगत बसलो ते तुम्हालाही सांगतो.

आमचं मंडळ नागपूरच्या महाल भागात होतं. शाळेची एक खोली रविवारी सकाळी मिळायची. चार बोर्ड, तगडा खेळाडू पहिल्यावर, मग उतरत्या क्रमानं, आणि एकदा यादी दिली की सीझनभर क्रम बदलायचा नाही. लोक सगळे पहिल्या बोर्डाभोवती गोळा. पण पहिल्या बोर्डावर जिंकलं तरी एकच गुण आणि चौथ्यावर जिंकलं तरी एकच गुण, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्या चौथ्या बोर्डावर पोस्टातून रिटायर झालेले एक काका होते. रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) वगैरे काही नाही. सीझनची शेवटची मॅच, दीड-दीड झालेलं, आम्हाला लीगमध्ये टिकायला बरोबरी पुरे होती आणि उरलेला डाव काकांचा. समोर कॉलेजचा पोरगा, त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, काकांकडे नुसता हत्ती. आम्ही मनातून मॅच सोडलेली. काकांनी हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत आणून ठेवला, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येताच येईना. मग तो हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे. शेवटी पोरानं कंटाळून प्यादं त्या ओळीत ढकललं आणि काकांनी त्याच क्षणी हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसाच उरला नाही. शह, शह, शह. पोरानं बरोबरीसाठी हात पुढे केला. याला फिलिडोरचा बचाव म्हणतात हे मला नंतर कळलं, काका "तिसरी ओळ धरायची" एवढंच म्हणायचे.

तुमच्या क्लबच्या सीझनचे, लीगचे अनुभव लिहा. हरलेलेही चालतील.

खसखस_कूलर
कूलर!! मे महिन्यातली मॅच आणि तो डेझर्ट कूलर, हवा थेट दुसऱ्या बोर्डावर, स्कोअरशीट उडून राहिली आणि आर्बिटर (पंच) सर पेपरवेट म्हणून मेलेली प्यादी ठेवा म्हणून सांगून राहिले. आमच्याकडे मॅच सकाळी ८ ला सुरू व्हायची ते याच्यासाठीच, १२ नंतर त्या हॉलमध्ये बसणं म्हणजे शिक्षा होती. घामानं वजीर हातातून सटकायचा.

उंटसवार
@धरमपेठी वा! काकांचा डाव वाचून अंगावर काटा आला भाऊ.
मी काही वर्षं टीमचा कॅप्टन होतो. कॅप्टन म्हणजे शनिवारी रात्री फोन करणारा माणूस. "उद्या येऊन राहिला ना?" "हो हो." आणि सकाळी साडेसातला मेसेज, साळ्याच्या मुलाचं बारसं आहे. बोर्ड रिकामा राहिला तर तो गुण गेलाच, आणि मधला माणूस नाही आला तर खालच्यांना एकेक वर सरकावं लागतं, म्हणजे चौथ्याचा तिसऱ्यावर, तिथे समोर तगडा गडी. लग्नसराईत तर दर आठवड्याला हेच. चौथ्या बोर्डाचा माणूस मात्र कधी चुकला नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो. वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं यायचा, खेळायचा, डबा खायचा, दुपारच्या गाडीनं परत.
आणि मॅच चालू असताना कॅप्टननं बोलायचं किती, तर "बरोबरी घे" किंवा "बरोबरी विचार" इतकंच. पटावर काय चाललंय त्याबद्दल एक शब्द नाही. समोर दिसतंय की आपला माणूस जिंकतोय आणि त्याला दिसत नाहीये, आणि आपण खांबाला टेकून उभे. ब्लडप्रेशर तिथूनच सुरू झालं असणार.

तर्री_जास्त
मॅच नंतरचे तर्री पोहे कोणीच लिहिले नाहीत??? आमच्याकडे हरलेली टीम पैसे द्यायची.

खसखस_कूलर
@तर्री_जास्त आमच्याकडे जिंकलेली. त्यात वरून कांदा आणि चिवडा. आता भूक लागली ना बे.

तर्री_जास्त
हाव ना, आणि डावाचं पोस्टमॉर्टम तिथंच, प्लेट बाजूला सारून टेबलावर खिशातला छोटा पट. पोहेवाल्या भाऊला पण ओपनिंग कळायला लागल्या होत्या.

सदाफुली
धागा छान. मी नव्वदच्या दशकात खेळायचे, आमच्या लीगमध्ये बहुतेक वेळा मी एकटीच मुलगी. चौथा बोर्डच असायचा माझा. समोरचे काका लोक बसल्या बसल्या विचारायचे, "बेटा, कोण शिकवतं तुला?" आणि दहा चालींनंतर गप्प व्हायचे. एकदा एकांनी बाराव्या चालीला बरोबरी मागितली, मी नाही म्हटलं, तर आईकडे बघून म्हणाले मुलीला समजावा. आई स्वेटर विणत होती, तिनं मान वर केली आणि म्हणाली "तिचा डाव आहे". मी जिंकले. आईला घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं, पण सीझनभर प्रत्येक रविवारी ती मागच्या बाकावर बसायची, कारण त्या हॉलमध्ये मला एकटीला सोडायचं नव्हतं तिला.
लग्नानंतर खेळ सुटला. मग २८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीला महिला वर्ल्ड कपची फायनल, दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही (कमी वेळेचा) बरोबरीत, दुसऱ्यात दिव्या जिंकली, वर्ल्ड कप आणि त्याच क्षणी ग्रँडमास्टर. १९ वर्षांची आपली नागपूरची पोरगी. समोर हम्पी, जी २००२ मध्ये पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाली होती, तिचे डाव कापून वहीत चिकटवत मोठी झालेली माझी पिढी. मी स्वयंपाकघरात मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून बघत होते आणि दिव्या रडली तेव्हा मी पण. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली मला क्लास लाव. लावला.

पोळा_पाडवा
@सदाफुली "तिचा डाव आहे" 🙏 आईंना नमस्कार सांगा.

सदाफुली
@पोळा_पाडवा आई चार वर्षांपूर्वी गेली. पण सांगते तिला माझ्या पद्धतीनं. धन्यवाद.

बावटा_पडला
घड्याळांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चावीची घड्याळं, दोन तबकड्या, मिनिटकाटा बाराजवळ आला की तो लाल बावटा हळूहळू उचलला जायचा आणि पडायचा. आता प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढतात, तेव्हा काही वाढायचं नाही, वेळ संपला की संपला. शेवटच्या पाच मिनिटांत चाली लिहायची सक्ती नसायची, मग नुसती हाणामारी, सोंगट्या खाली पडताहेत, कोणी खाली वाकून हत्ती शोधतोय. आणि एक नियम होता, शेवटच्या दोन मिनिटांत आर्बिटरकडे दाद मागता यायची की समोरचा जिंकायचा काही प्रयत्नच करत नाहीये, फक्त माझा बावटा पडायची वाट पाहतोय, बरोबरी द्या. त्यावरून जी भांडणं व्हायची! आमच्या एका मॅचमध्ये निकाल लागायला डावापेक्षा जास्त वेळ लागला, दोन्ही कॅप्टन, आर्बिटर आणि शाळेचा चपराशी, ज्याला खोली बंद करून घरी जायचं होतं. शेवटी त्यानंच विचारलं, "दोघांपाशीबी एकेकच हत्ती आहे, मंग कोण जिंकणार?" आर्बिटर म्हणाले बरोबरी. पुढच्या सीझनला तो चपराशी आमच्याकडून खेळला. चौथा बोर्ड!!

उंटसवार
@बावटा_पडला तो माणूस कोण ते मला माहीत आहे 😀 किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड नेणं) न करता खेळायचा आणि जिंकायचा. नाव लिहू नका, फोन करतो.

नवखा_४२
मी ऑनलाइन खेळतो, ऑफिसमधून आल्यावर. क्लबात कधी गेलो नाही. रेटिंग नसेल तर लीगमध्ये घेतात का? भीती वाटते थोडी.

बावटा_पडला
@नवखा_४२ बहुतेक ठिकाणी घेतात, आयोजकांना आधी विचारा. रेटिंग नसलेल्यांना बहुतेक खालच्या बोर्डावर बसवतात, म्हणजे तुम्ही या धाग्याचे हीरो. फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग आता किमान १४०० बसलं तरच मिळतं, मार्च २०२४ पासून, आधी १००० ला मिळायचं. त्याची चिंता करू नका, आधी खऱ्या पटावर खेळायची सवय करा. स्क्रीनवर वरून दिसतं, पटावर तिरपं दिसतं, पहिले काही डाव लांबचा उंट नजरेतून सुटतोच. आणि सोंगटीला हात लावला की तीच चालवायची, त्यामुळे विचार करताना हात मांडीखाली ठेवा. मी आजही ठेवतो.

धरमपेठी
@सदाफुली तुमचा अनुभव पुतण्याला वाचून दाखवला. तो म्हणतो त्याच्या लीगमध्ये आता निम्म्या बोर्डांवर मुली आहेत आणि त्याला गेल्या आठवड्यात सहावीतल्या एकीनं बावीस चालींत उडवलं.
@नवखा_४२ जाच हो. लीगमध्ये हरलात तरी तीन जण तुमच्यासाठी थांबलेले असतात, ऑनलाइन ते मिळत नाही. मी इतकी वर्षं खेळलो त्यात मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच, आपला डाव संपला तरी कोणी घरी जायचं नाही.

पोळा_पाडवा
रौनक साधवानी २०१९ ला तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२१ ला संकल्प गुप्ता, मग दिव्या. तिघंही नागपूरचे. लोक पाण्यात काय आहे विचारतात. पाण्यात काही नाही हो, आईबाप रविवार सकाळ सोडतात, कोचिंगला गाडीवर नेतात, तिकिटं काढतात, आणि गावात खेळायला तगडी पोरं असतात. चौथ्या बोर्डापर्यंत तगडा खेळ असला की पहिला बोर्ड आपोआप वर जातो, असं माझं स्पष्ट मत. मॅच नसली तर कोणाशी खेळणार?

खसखस_कूलर
@पोळा_पाडवा शंभर टक्के. आणि रविवारी सकाळी हॉल देणाऱ्यांचे पण उपकार माना. आमचा हॉल लग्नाच्या बुकिंगला गेला आणि मंडळ दोन वर्षं गच्चीवर खेळलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच फक्त, बाकी महिने बंद.

तर्री_जास्त
मनीषनगरकडे कोणाला रविवारचा ग्रुप माहीत आहे का? पोराला पट घ्यायचा आहे, लाकडी घ्यावा की गुंडाळायचा?

सदाफुली
@तर्री_जास्त गुंडाळायचा घ्या, हिरवा-पांढरा, सोंगट्या थोड्या वजनदार. मॅचला तोच असतो, डोळ्याला सवय होते. लाकडी शोकेसमध्ये जातो.

उंटसवार
@तर्री_जास्त मनीषनगरचं विचारून सांगतो, एक जण घरी घेतो रविवारी, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. @नवखा_४२ तुम्ही कुठे राहता? आमच्याकडे पुढच्या सीझनला एक जागा आहे.

नवखा_४२
सक्करदरा. कितव्या बोर्डावर?

उंटसवार
चौथ्या. शनिवारी रात्री फोन येईल, उचलायचा 😀