मदत हवी आहे: चित्र तेच, संगीत वेगळं असा प्रसंग सुचवा

आमच्या फिल्म क्लबमध्ये वाढीव आवृत्तीतल्या संगीतबदलावर तासाभराचं सत्र घ्यायचंय. ‘डॉनी डार्को’ ठरलाय: २००१ चा मूळ चित्रपट ११३ मिनिटांचा, २००४ चा डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाने स्वतः केलेली वाढीव आवृत्ती) १३३ मिनिटांचा. पहाटे डोंगररस्त्यावर जागा झालेला मुलगा सायकलवरून घरी येतो, तिथे आधी ‘द किलिंग मून’ हे गाणं होतं, डायरेक्टर्स कटमध्ये ‘नेव्हर टेअर अस अपार्ट’ आलं. पहिल्यात काहीतरी अशुभ जाणवतं, दुसऱ्यात तो नुसता एकटा वाटतो. मला पहिलंच भिडतं.

जोडीला ‘लेजंड’ या चित्रपटाची वाढीव आवृत्ती पाहिली. त्यात टँजरिन ड्रीम या बँडच्या संगीताच्या जागी जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीत आहे, पण संकलनही बदललंय, मग फरक नेमका कशामुळे ते सांगताच येत नाही. सबटायटल्स हवीतच. संकलन जवळपास तेच ठेवून फक्त संगीत बदललेला, दहा मिनिटांत दाखवता येईल असा दुसरा प्रसंग कोणत्या वाढीव आवृत्तीत सापडेल?