स्पीडब्रेकरवर पुढून कुरकुर, बुश की स्ट्रट माउंट? मदत हवी आहे

मंडळी, गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक. स्पीडब्रेकरवर हळू गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून जुन्या दारासारखी कुर्रर्र येते, खड्ड्यात खटखट नाही म्हणून लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी) नसावा. गंमत म्हणजे पावसात यवतेश्वर घाट चढून कासला जाऊन आलं की आवाज गायब आणि गाडी वाळली की परत सुरू, म्हणजे बुशचं (सांध्यातल्या रबरी बैठकीचं) रबरच ना? पण उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं तरी बारीक कुरकुर येते, चाकावरून हात घालून स्प्रिंगला लावला तर ती अडकत अडकत झटक्याने फिरते. मेकॅनिक थेट दोन्ही शॉकअप बदला म्हणतोय (तेल गळती टिपूसभर नाही!). आधी लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश बघू की स्ट्रट माउंटचं (शॉकअपच्या वरच्या टोकाच्या बैठकीचं) बेअरिंग? साताऱ्यात एमआयडीसीकडे प्रेसवर नीट बुश बसवणारा कोणी असेल तर सांगा, हातोडीवाला नको.