आवाज कुणाचा? फोनचा की हेडफोनचा?

सदाफुली

काल रात्री दीडच्या सुमाराला बाळ एकदाचं झोपलं. मी अंधारात चाचपडत ब्लूटूथ हेडफोन कानात खुपसले, आवाजाची पट्टी पार तळाला नेऊन फक्त एक घर वर केली, तर कानात कुणी ढोल बडवावा तसं कथावाचन सुरू! दचकून एक घर खाली केलं, चिडीचूप. पुन्हा वर, ढोल. मधलं काही नाहीच.

आणि एकदम आजोबांचा रेडिओ आठवला. त्याचा कान पिळला की आधी टक् व्हायचं, मग जरा खरखर, मग उजाडत जावं तसा आवाज हळूहळू वर यायचा. आजोबा ते बटण दोन बोटांत धरून केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे. कडेच्या खाचांत मळ बसून त्या काळ्या पडल्या होत्या. खरखर फार वाढली की बटण दहा-वीस वेळा गरागरा फिरवायचे, आतल्या पट्टीवरची धूळ सरकते म्हणायचे. आणि खरंच थांबायची!

फोनमध्ये मात्र गाण्यांच्या आवाजाला मोजून 15 घरं. केसभर वगैरे भानगड नाही.

सकाळी दिराला दाखवलं. त्याने दोन मिनिटं फोनशी काहीतरी केलं आणि झालं की ठीक. काय केलंस विचारलं तर म्हणे "वहिनी, ते राहू दे, तुला नाही कळायचं." म्हणून हा धागा. आवाजाने तुम्हाला कधी, कसं छळलं आणि शेवटी काय सापडलं, सांगा. आणि दिराने काय केलं असेल तेही.

दुपारची_झोप

रुमाल टाकून ठेवते. मशीनमधले कपडे वाळत घालून आले की लिहिते.

घुबड

दिराचं गुपित फोडतो. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी'त जाऊन बिल्ड नंबरवर 7 वेळा टिचकी मारली की 'तुम्ही आता डेव्हलपर आहात' असं येतं. (घरात सांगा, पगार वाढत नाही.) मग डेव्हलपर पर्यायांत 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' असं एक बटण असतं, ते चालू करायचं आणि हेडफोन तोडून परत जोडायचे. आयफोनवर हे नाही, अँड्रॉइडपुरतं.

कारण असं की ब्लूटूथवर आवाजाचे खरे मालक दोन. फोनचा आवाज वेगळा, हेडफोनचा वेगळा. दोन्हीकडे वरखाली करत बसायला लागू नये म्हणून एव्हीआरसीपी 1.4 (ब्लूटूथवरून गाणी आणि आवाज हाताळायची ठरलेली पद्धत) पासून अशी सोय आली की फोनने 0 ते 127 मधला एक आकडा पाठवायचा आणि हेडफोनने त्याप्रमाणे आवाज करायचा. आता कुठल्या आकड्याला किती आवाज हे ठरवणार हेडफोन. काही महाभाग पहिल्याच घराला निम्मा जोर लावतात. तेच तुझं झालं. ते बटण चालू केलं की दोन्ही आवाज पुन्हा सुटे होतात. मग हेडफोनवर आवाज कमी करून ठेवायचा आणि फोनवर ती 15 घरं निवांत वापरायची.

एक सावधगिरी. हेडफोनवर स्वतःची आवाजाची बटणं नसतील तर तो आहे त्या पातळीवर अडकून बसतो. माझा एक जोड असाच कुजबुजत राहिला होता. बटण परत बंद केलं तेव्हा बोलायला लागला.

सदाफुली

हेच केलंय! मेनूत जाऊन बघितलं, चालू आहे. आता दिराकडे बघतेच.

साधा_माणूस

घुबडराव, बायकोचा आवाज कमी करायचं बटण कुठल्या मेनूत असतं? दिवे घ्या.

मीच_ती

त्याला म्यूट म्हणतात आणि ते तुमच्या तोंडाला असतं. दिवे दिले.

साधा_माणूस

🙏

मीच_ती

माझं दुखणं वेगळं. गाणी ठणठणीत, पण फोन आला की समोरचा विहिरीतून बोलतोय. जवळजवळ वर्षभर मी प्रत्येकाला "जरा मोठ्याने बोला" सांगत होते. सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागले, सवयच लागली त्यांना, समोरासमोर असतानाही! बाबा म्हणाले, कान दाखवून घे. घेतले. त्या बंद खोलीत बसून टुंई ऐकू आलं की बटण दाबायचं, तेही केलं. आलेख सरळ. डॉक्टरबाईंनी माझा फोन हातात घेतला, त्यांच्या फोनवरून मला कॉल लावला आणि कॉल चालू असताना बाजूचं बटण वर वर दाबलं. संपला विषय.

कॉलचा आवाज वेगळा असतो आणि कॉल चालू नसताना बाजूची बटणं त्याला हातच लावत नाहीत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली फोन ठेवल्यावर आवाज वाढवत होते. तो गाण्यांचा वाढत होता.

घुबड

अगदी. ब्लूटूथवर तर गाणी आणि कॉल हे दोन निराळे रस्तेच आहेत. कॉलच्या रस्त्याला 0 ते 15 अशा आवाजाच्या पायऱ्या. शिवाय तिथे आवाजाचा दर्जाही खालावतो, जुन्या पद्धतीत सेकंदाला 8 हजारच नमुने. म्हणून हेडफोनवर कॉल आला की सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलतात. उलटं कुणाला होत असेल, म्हणजे कॉल येतात पण गाणी फोनमधूनच वाजतात, तर जोडलेल्या हेडफोनच्या नावाशेजारच्या चाकात जाऊन 'मीडिया ऑडिओ' बंद झालंय का बघा.

टिंबटिंब

डॉक्टरबाईंनी फी घेतली का?

मीच_ती

घेतली ना. कानांची.

अबोली

आमच्या आजीला नवीन श्रवणयंत्रं घेतली, फोनला थेट जोडली जाणारी. फार खूश होती, फोन आला की आवाज सरळ कानात. एका दुपारी मी तिला फोन केला तर नुसतं "हॅलो? हॅलो? अगं बोल ना!" मी इकडे ओरडतेय. तीन वेळा असं झालं, शेवटी घाबरून धावत घरी गेले. आजी फोन कानाला घट्ट दाबून पलंगावर बसलेली. आणि उशाशी रुमालावर काढून ठेवलेल्या त्या दोन एवढ्याएवढ्या यंत्रांतून मुंगीएवढा आवाज येत होता. मी मागच्या कॉलवर ठेवलेला निरोप ती ऐकू पाहत होती, तो माझाच आवाज होता. "आजी, आहेस ना तू?"

यंत्रं डबीत ठेवली नव्हती म्हणून चालूच होती, आणि फोन इमानाने आवाज तिकडे पाठवत होता. आता फोन आला की पडद्यावरच्या स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवून 'फोन' निवडायचं हे तिला शिकवलंय. विसरते. पण डबीत ठेवायला विसरत नाही, कारण डबीवर मी लाल धागा बांधलाय.

सदाफुली

अबोली 🥺 आजींना नमस्कार सांग.

दुपारची_झोप

कपडे झाले. अबोलीचं वाचून डोळे भरले, मी काय लिहिणार होते तेच विसरले.

हां, आठवलं. माझा एक कान मेला होता, म्हणजे उजव्या बाजूचा बड. कंपनीला शिव्या घालून नवीन मागवणार, एवढ्यात लेक म्हणाली, आई, जाळी बघ. उजेडात धरली तर जाळीचं एक भोकही दिसेना, पिवळट थर. ईऽऽ. कानातला मळ! रबरी टोपी काढून धुतली, पूर्ण वाळू दिली. जाळी खाली तोंड करून धरली आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच घासली, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. आवाज परत आला. टाचणी घालायचा मोह होतो, घालू नका. माझ्या भावाने घातली, त्याचा बड आता पेपरवेट आहे.

कळलाव्या

एक कान मेला तर घासण्याआधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा अशी पट्टी असते ती मधोमध आहे का बघा. आमच्या भाच्याने माझी सरकवली होती. मी बड घासून घासून चकचकीत केले.

पावणेदोन

मी अजून तारवाला आहे, हसू नका. पळायला जातो तेव्हा तिसऱ्या किलोमीटरनंतर आवाज आपोआप कमी कमी व्हायचा. भूत! शेवटी कळलं की भूत घामाचं आहे. तारेवरची ती तीन बटणं म्हणजे आत नुसते रोधक (विजेला अडवणारे रेझिस्टर) असतात. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापात 240 ओहम दिसला की फोन समजतो आवाज वाढव, 470 ओहम दिसला की कमी कर. घाम आत झिरपला की तो मधेच कसलातरी रोध तयार करतो आणि फोन बिचारा आज्ञाधारक. कधी आवाज उतरायचा, कधी गाणं थांबायचं. आता तार शर्टाच्या आतून नेतो आणि बटणाचा डबा बाहेर कॉलरला अडकवतो.

टिंबटिंब

ओहमचा नियम दहावीनंतर आज भेटला. ओळख दाखवली नाही मी.

उंटावरचा

सासऱ्यांना व्हॉइस मेसेज ऐकूच यायचे नाहीत. व्हिडिओचा आवाज मात्र अख्ख्या घराला. मी सगळ्या पट्ट्या वर करून थकलो. मग लक्षात आलं की मेसेज वाजायला लागला की पडदा काळा होतो. फोन टेबलावर, पण त्याला वाटतंय की कानाला लावलाय! म्हणून आवाज वरच्या कानाच्या बारीक स्पीकरमधून. नवीन काच चिकटवली होती ती वरच्या सेन्सरवर आली होती, कडेला एक बुडबुडाही. काच काढली, मेसेज गरजले. पहिलाच मेसेज माझ्याबद्दल होता. काच परत लावावी म्हणतो.

मीच_ती

🤣🤣 काय होतं मेसेजमध्ये?

उंटावरचा

धाग्याचा विषय आवाज आहे.

निवांत

माझ्या फोनची रिंग दणक्यात सुरू होते आणि मी हातात घेऊन बघितलं की मवाळ होते. दुकानात दाखवावा का?

घुबड

आयफोन आहे का, चेहरा ओळखणारा? मग तो बिघाड नाही, शिष्टाचार आहे. तू बघतोयस हे त्याला कळतं म्हणून आवाज उतरवतो. फेस आयडीच्या सेटिंगमध्ये 'अटेन्शन अवेअर' बंद कर.

निवांत

घरात कुणीतरी माझ्याकडे बघून आवाज उतरवतं हे ऐकून बरं वाटलं. राहू दे चालू.

कळलाव्या

मला सगळ्यात डोक्यात जाते ती 'जास्त आवाज कानाला घातक' ही पाटी. दर वेळी 'ठीक' दाबा. बंद कशी करायची?

खरखर

धागा सकाळपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो. ती पाटी बंद करू नका एवढंच.

मी अकरा वर्षं गाड्यांच्या आवाजात, त्यावर मात करायला हेडफोन पूर्ण वर करून ऐकले. आता माझ्या डाव्या कानात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी असते. खोली जितकी शांत तितकी ती मोठी. त्याला पट्टी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ठीक, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10. पट्टीवर दोन-तीन घरं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. लहान मुलांसाठी 75 च. मी आता बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन वापरतो, त्यात निम्म्याच्या खाली भागतं.

कळलाव्या

खरखरदादा, सॉरी. नाही करत बंद. रात्री झोप लागते का?

खरखर

पंखा लावून लागते. थंडीतही. बायको गोधडीत, पंखा तीनवर. चाललंय.

अबोली

🫂

टिंबटिंब

अवांतर: ब्लूटूथ म्हणजे खरंच निळा दात. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड, त्याचं टोपणनाव. ती खूण म्हणजे त्याच्या नावाची रूनिक आद्याक्षरं एकात एक घातलेली. राजाने लोक जोडले म्हणतात, आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा स्पीकर जोडला जातो. मी खाली फोनवर आवाज वाढवतोय, वाढवतोय, काहीच नाही. वर सासूबाई ध्यानाला बसलेल्या.

दुपारची_झोप

पुढे???

टिंबटिंब

ध्यान मोडलं. तेव्हापासून फोनला तो स्पीकर 'विसर' सांगून ठेवलंय. सासूबाईंना नाही सांगता येत.

पावणेदोन

सदाफुली, तो रेडिओ आहे का अजून?

सदाफुली

माळ्यावर आहे. बटणाची टोपी निघून हरवली, नुसती दांडी उरलीय. पक्कडीने फिरवावी लागते. थांब, बाळ उठलं.

साधा_माणूस

मदत पाहिजे. मस्करी नाही. सकाळपासून पडद्यावर आवाजाची पट्टी आपोआप येते आणि खाली खाली जाते. मी हातही लावत नाहीये. दोनदा बंद-चालू केला.

मीच_ती

कव्हर नवीन आहे का?

साधा_माणूस

कालच घातलं. का?

मीच_ती

काढून बघा.

साधा_माणूस

काढलं. बटणावर घट्ट बसत होतं. थांबलं.