सडा म्हणजे ओसाड जागा नव्हे

सड्याखालची
आमच्या कोकणात सडा म्हणजे डोंगरावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. काल इथे एका दादांनी लिहिलं, "कचऱ्यासाठी सड्यावरची बंद चिरेखाण घ्या. आयता खड्डा आहे, वस्ती नाही, नुसता कातळ. विरोध करणारे उगाच अडवणूक करतात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची वाडी त्याच सड्याच्या पायथ्याशी आहे. जांभा म्हणजे चाळण. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सड्यावर मुरतो आणि खाली झऱ्यांना, विहिरींना येतो. त्या खाणीत श्रावणात छातीभर पाणी असतं, दिवाळीला तळ उघडा पडतो. ते पाणी आमच्याच बावीत, म्हणजे विहिरीत येतं. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी रात्री खाणीत मासळीची घाण ओतली. आठवड्याभरात बावीच्या पाण्यावर तेलकट तवंग, कळशीला वास. सासूबाईंनी भर पावसात बाव उपसून घेतली. महिनाभर पाणी शेजारच्या वाडीतून डोक्यावरून आणलं. आणि "नुसता कातळ" म्हणता? याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

खाडीकाठचा
ते मीच लिहिलंय, ताई. मागे घेत नाही. तुम्ही विरोध केलात की ढीग आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या दलदलीत येतो. आत्ताही तिथेच टाकतात. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, कचरा टाकायला बंदी आहे, तरी टाकतात. उधाणाला सगळं तरंगतं आणि कांदळवनात जाऊन बसतं. परवा जाळं ओढलं तर बोयटं मासे चार आणि बाळांचे वापरलेले लंगोट अकरा. खाणीला अस्तर घालता येतं, खाजणाला काय घालणार?

निवृत्त ओव्हरसियर
अस्तर घालता येतं, खरं आहे. पण उघड्या खड्ड्यात आपला पाऊस पडला की कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी इतकं होतं की ते उपसून प्रक्रिया करणं छोट्या नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेर जातं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर सांगितलं होतं. भेगाळ जांभ्यात एवढ्या अंतरावर मला भरवसा नाही. त्याच नियमांत हेही होतं की पुनर्वापर किंवा प्रक्रिया होऊ शकत नाही तेवढंच पुरायचं. वेंगुर्ल्याला जाऊन बघा. ओला-सुका वेगळा केला, बायोगॅस केला, आणि कचरा डेपो बघायला आता बाहेरगावचे लोक येतात.

गोरेगावहून
वेगळं करायचं तर आधी गावातली हॉटेलं सुधारा. मे महिन्यात पर्यटक येतात, मागच्या पऱ्यात, ओढ्यात, बाटल्यांचा खच पडतो. बोट मात्र आम्हा मुंबईच्या चाकरमान्यांकडे.

सड्याखालची
बोट दाखवणारच. २०१८ च्या बंदीनंतरही गेल्या गणपतीत थर्मोकोलचं मखर मुंबईहूनच आलं, आणि विसर्जनानंतर आमच्या पाणंदीत फेकलं.

गोरेगावहून
ते मखर आमचं नव्हतं! आम्ही दरवर्षी गणपतीवर आजोबांची लाकडी चौकट, माटवी, बांधतो. तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवता. गावच्या घराची घरपट्टी मी भरतो, पण घंटागाडी वाडीत येत नाही. दहा दिवसांचा कचरा कुठे ठेवायचा, सांगा ना.

खाडीकाठचा
परत घेऊन जा, जसा गाडी भरून आणता तसा.

गोरेगावहून
ही भाषा? माझ्या बापाला याच गावात अग्नी दिलाय. पुन्हा असं बोलू नका.

निवृत्त ओव्हरसियर
थांबा दोघेही. खाडीवाले, शब्द मागे घ्या. घंटागाडीचं मात्र खरं आहे. मी नोकरीत असताना वाड्यांसाठी दोनदा लिहून दिलं होतं. फाईल हलली नाही. पुन्हा पाठपुरावा करायला हवा होता, मी केला नाही. त्याची खंत आहे.

खाडीकाठचा
बापाचं ऐकून वाईट वाटलं. शब्द मागे घेतो.

खाणीचंही बावीवाल्या ताईंसाठी सोडतो, पटलं म्हणून नाही. माझ्या आईनेही असंच पाणी वाहिलंय. पण वेगळं करा म्हणून आमच्या दारातला ढीग नाहीसा होत नाही. तो कुठे नेणार, ते लिहून मिळाल्याशिवाय मी कुठल्याही निवेदनावर सही करणार नाही.

सड्याखालची
सही नंतर करा. आधी ढीग दाखवा. आमच्या वाडीतल्या बायका येतील.

खाडीकाठचा
अमावास्येच्या भरतीनंतर या, सुकती (ओहोटी) लागली की. मुळांत अडकलेलं तेव्हाच नीट दिसतं. चपला नकोत, गुडघाभर चिखल आहे.